जुन्या इंजिनाला किती कम्प्रेशन द्यायचं? पंपावरच्या पेट्रोलवर निभेल असा रेशो ठरवण्याची पद्धत

इंजिन बोअरला टाकलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "हाय कम्प्रेशन पिस्टन टाक, गाडी उडेल." दुसरा म्हणतो, "कम्प्रेशनला हात लावू नकोस, पिस्टन फुटेल." आकडा, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो कम्प्रेशन रेशो, मात्र दोघंही सांगत नाहीत. पिस्टनच्या डब्यावर जो छापलेला असतो तोच खरा मानून लोक इंजिन बंद करतात, आणि पहिल्या मोठ्या घाटात टकटक ऐकू येते. ही टकटक म्हणजे नॉकिंग: ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटणं.

हा लेख पहिल्यांदाच इंजिन उघडणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० घेतो. ती आपल्याकडे गावोगाव आहे, सिलिंडर एकच आहे आणि हिशोब कागदावर मांडता येतो. पद्धत मात्र कुठल्याही फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाला तीच. टू-स्ट्रोकचा हिशोब वेगळा असतो, आरएक्स १०० वाल्यांनी हे आकडे तसेच उचलू नयेत.

आधी हे जमवा

- तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर), इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) आणि हेडचा टॉर्क (नट कसण्याचा जोर) त्यातूनच घ्यायचा.
- बोअरिंगवाल्याकडून लेखी माप: शेवटी बोअर किती मिलिमीटर झाला, पिस्टन कितव्या ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा). तोंडी नको.
- १०० मिलीची ब्युरेट. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. नसेल तर मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज, सुईशिवाय.
- रॉकेल किंवा डिझेल, थोडं इंजिन ऑइल, ग्रीस.
- व्हर्नियर, डायल गेज, टॉर्क रेंच.
- वापरलेलं, दबलेलं हेड पॅकिंग. मोजताना नव्याचा उपयोग नाही, ते जाड असतं.
- लहान मुलांची प्लॅस्टिसिन माती. कशाला, ते पुढे सांगतो.
- भिंग आणि वही.

१. पेट्रोलचा आकडा नीट वाचा

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं त्याचा आकडा. आपल्याकडे तो आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीने सांगतात. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा किमान आकडा ९१ आरओएन. त्याच्या वर ९५ ची पेट्रोलं आहेत, इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ त्यातलंच, आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर एक्सपी १०० मिळतं.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. अमेरिकेतल्या पंपांवर लिहिलेला आकडा आरओएन नसतो. तो आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी असतो, त्यामुळे आरओएनपेक्षा चार-पाचने कमी दिसतो. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. एखादा अमेरिकन मेकॅनिक व्हिडिओत सांगतो की ९१ वर साडेनऊ आरामात चालतं. त्याचं ९१ आपल्या साध्या नळीतून येत नाही, हे ध्यानात ठेवूनच त्याचा सल्ला घ्या.

दुसरा सापळा 'प्रीमियम' या शब्दाचा. काही महाग पेट्रोलांत फक्त इंजिन साफ ठेवणारी रसायनं जास्त असतात, ऑक्टेन तेवढंच. पंपावर विचारायचा प्रश्न एकच: "याचा ऑक्टेन किती?" उत्तर आकड्यात मिळालं नाही तर ते साधंच पेट्रोल समजा.

आता इथेनॉल. ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. त्यामुळे मिश्रण नॉकिंगला जास्त दाद देत नाही, हे खरं. पण त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ई-२० जाळलं की कार्ब्युरेटरची गाडी आपोआप लीन, म्हणजे गरजेपेक्षा कमी पेट्रोलवर चालते, लोडवर तापते, आणि तापलेलं इंजिन नॉक लवकर करतं. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जातं. म्हणून ई-२० मुळे ऑक्टेन वाढल्याचं कुणी सांगितलं तरी हिशोब ९१ वर करा. वर जे मिळेल ती शिल्लक.

२. गाडीचा सगळ्यात वाईट दिवस ठरवा

रेशो रोजच्या ऑफिसच्या फेरीसाठी ठरवायचा नसतो. मे महिन्यातली दुपार, मागे माणूस, कॅरिअरला बॅगा, समोर कसारा किंवा खंबाटकी, पुढे ट्रक, आणि तुम्ही गिअर न पाडता कमी आरपीएमवर ओढताय. नॉकिंगला याहून चांगली संधी नाही. आत येणारी हवा गरम, हेड गरम, थ्रॉटल उघडा आणि पिस्टन हळू चाललेला, म्हणजे उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर वेळ. विदर्भात पारा ४५ ला जातो, तिथल्यांनी आणखी सावध राहायचं.

उंचीचाही भाग आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी. महाबळेश्वरला तो पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. पुण्यात काठावर चालणारं इंजिन ताम्हिणी उतरून माणगावला पोचलं की टकटक सुरू करू शकतं. चाचणी शक्यतो खाली घ्या.

आणि पेट्रोल कुठे भरणार? महिन्यातून एकदा जरी आडवाटेच्या पंपावर साधं भरावं लागत असेल, तर गाडी ९१ ची आहे. एक्सपी १०० वर बेतलेलं इंजिन घेऊन मेळघाटात जाता येत नाही.

३. इंजिनाची जात ओळखा

एकाच पेट्रोलवर एक इंजिन बारा पचवतं आणि दुसरं आठवर कण्हतं. स्विफ्टमध्ये आधी असलेल्या ड्युअलजेट इंजिनाचा रेशो १२:१ आहे आणि ते साधं पेट्रोल पितं. पण ते वॉटर-कूल्ड आहे, इंजेक्शन कॉम्प्युटरवर चालतं आणि नॉक सेन्सर टकटक कानावर पडायच्या आत टायमिंग मागे घेतो. बुलेटला यातलं काही नाही.

९१ आरओएनवर स्वतः बांधलेल्या इंजिनासाठी मी वापरतो ते आकडे असे:

- जुनं एअर-कूल्ड, दोन व्हॉल्व्ह, मोठा बोअर, पॉइंटचं इग्निशन: ७ ते ७.५. आठ ही शेवटची मर्यादा.
- तसंच इंजिन, पण इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि टायमिंगचा कर्व्ह (आरपीएमप्रमाणे ठिणगी पुढे जाण्याचं प्रमाण) नीट असलेलं: ८ ते ८.५.
- एअर-कूल्ड, ५० मिमीच्या आसपासचा लहान बोअर: ९ ते ९.५.
- वॉटर-कूल्ड, नॉक सेन्सर नाही: ९ ते ९.५. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन कंपनीनेच ९ वर ठेवलं होतं.
- वॉटर-कूल्ड, चार व्हॉल्व्ह, इंजेक्शन, चालू स्थितीतला नॉक सेन्सर: १० ते १०.५.

९५ कायम मिळत असेल तर यात साधारण अर्धा मिळवा. त्याहून जास्त नको.

पहिल्या दोन ओळींना रॉयल एनफिल्डचाच दाखला आहे. कास्ट आयर्न बुलेट साडेपाच-साडेसहाच्या पट्ट्यात होती. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाच्या क्लासिक ३५० मध्ये बोअर-स्ट्रोक तोच, ७० बाय ९०, पण रेशो ८.५. आणि ३४९ सीसीचं हल्लीचं जे-सीरिज इंजिन ९.५ वर आहे. प्रत्येक वेळी कंपनीने हेड, इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था बदलली, मगच आकडा वर नेला. आपण फक्त पिस्टन बदलून तिथे जाऊ पाहतो.

वर चढण्यात फायदा किती, तेही बघा. कागदावरच्या सूत्राने ६.५ वरून ७.५ ला गेलात तर कार्यक्षमता सुमारे पाच टक्के वाढते. ८.५ वरून ९.५ ला गेलात तर तीन टक्क्यांच्या थोडं वर. शेवटचा पॉइंट सगळ्यात कमी देतो आणि पिस्टन तोच खातो. जुन्या बुलेटसाठी माझं मत ठाम आहे: ७.५ वर थांबा. जुन्या ३५० च्या बिग-एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला) फ्लोटिंग बुश असतो, खालचं काम त्या काळच्या दाबासाठी केलेलं आहे. किकचा उलटा झटकाही रेशोबरोबर वाढतो आणि तो पोटरीला कळतो.

४. हिशोब मांडा

रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले पिस्टन वर असतानाची उरलेली जागा. दोनच आकडे लागतात.

पहिला, स्वेप्ट व्हॉल्यूम. बोअर ७ सेंमी, स्ट्रोक ९ सेंमी: ०.७८५४ × ७ × ७ × ९ = ३४६.४ सीसी.

दुसरा, वर उरलेली जागा म्हणजे क्लिअरन्स व्हॉल्यूम. हवा असलेला रेशो घ्या, त्यातून एक वजा करा आणि स्वेप्टला त्याने भागा.

- ६.५ साठी: ३४६.४ ÷ ५.५ = ६३ सीसी
- ७.५ साठी: ३४६.४ ÷ ६.५ = ५३.३ सीसी
- ८.५ साठी: ३४६.४ ÷ ७.५ = ४६.२ सीसी

म्हणजे ६.५ वरून ७.५ साठी जवळजवळ दहा सीसी जागा भरायची आहे. ७० मिमी बोअरमध्ये एक मिलिमीटर उंची म्हणजे ३.८५ सीसी. नुसतं ब्लॉक खालून घासून हे करायचं तर अडीच मिलिमीटर काढावे लागतील, आणि मग पुशरॉडपासून व्हॉल्व्हच्या अंतरापर्यंत सगळं बिघडेल. म्हणून इथे उंच डोक्याचा पिस्टनच लागतो. घासकाम शेवटच्या एक-दोन सीसीसाठी ठेवा.

ओव्हरसाइज पिस्टनची भीती मात्र विनाकारण आहे. अर्धा मिमी ओव्हरसाइजने ६.५ चे ६.५८ होतात, एवढंच. खरा चोर हेड फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. वॉटर-कूल्ड गाडी दोन-तीनदा गरम होऊन प्रत्येक वेळी हेड घासलेलं असेल, तर कुणी न ठरवताच रेशो चढलेला असतो. रेशो मुळात जास्त असला की घासण्याचा परिणामही मोठा होतो: याच बोअर-स्ट्रोकवर एक मिलिमीटरने ६.५ चे ६.८६ होतात, पण ८ चे थेट ८.६. सेकंडहँड हेड घेताना जाडी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. मोजा, डब्यावर विसंबू नका

पिस्टनच्या डब्यावरचा आकडा त्या कंपनीने गृहीत धरलेल्या हेडसाठी असतो. तुमच्या हेडचे व्हॉल्व्ह सीट कटिंगने खोल गेलेत का, पॅकिंग किती जाड आहे, हे डब्याला ठाऊक नसतं.

आधी व्हॉल्व्ह गळत नाहीत ना ते बघा. हेड उलटं ठेवा, प्लग लावा, चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पोर्टमध्ये बोट घालून ओल तपासा. गळत असेल तर लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) करून मगच पुढे.

मग पिस्टन थोडा खाली घेऊन वरच्या रिंगच्या कडेने ग्रीसचा पातळ थर द्या. पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या बिंदूवर) आणा, वर आलेलं जास्तीचं ग्रीस पुसा. दबलेलं पॅकिंग घालून हेड टॉर्कवर कसा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, म्हणजे कम्प्रेशन स्ट्रोकच आहे, याची खात्री करा. आता गाडी अशी कलवा की प्लगचं भोक सरळ आकाशाकडे येईल आणि तेच सगळ्यात उंच असेल. बुलेटचा प्लग कलता असल्यामुळे हे केल्याशिवाय आत हवेचा बुडबुडा राहतो. खाली लाकडी ठोकळे द्या आणि जोडीला माणूस घ्या.

ब्युरेटमध्ये रॉकेल आणि ऑइलचं मिश्रण घेऊन सावकाश सोडा. मध्येच थांबा, गाडी हलकेच हलवा, बुडबुडे वर येतील. द्रव प्लगच्या भोकाच्या काठाला टेकला की आकडा वाचा. त्यातून प्लगचे आटे जेवढी जागा व्यापतात तेवढं वजा करा. १४ मिमीच्या, अर्धा इंच आट्यांच्या प्लगला ते साधारण २ सीसी होतं. पातळी थांबून थांबून खाली जात असेल तर रिंगमधून गळतंय, तो आकडा धरू नका.

तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे अर्ध्या सीसीच्या आत यायला हवेत. ४६ सीसीच्या चेंबरला एका सीसीची चूक म्हणजे रेशोत ०.१६ चा फरक.

सावधान: मोजून झाल्यावर प्लग लावून किक मारू नका. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढलेलाच ठेवून, भोकावर कपडा धरून, इंजिन हाताने फिरवा आणि सगळं बाहेर काढा.

चार सिलिंडरच्या गाडीत हेड आणि ब्लॉक वेगवेगळे मोजावे लागतात. चेंबरवर ग्रीस लावून भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची चकती बसवायची आणि प्रत्येक चेंबर भरायचा. चारही सारखे निघतील असं समजू नका. हिशोबाला सगळ्यात लहान चेंबर धरा, कारण नॉक तिथून सुरू होणार.

६. पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटत नाहीत ना?

उंच डोक्याचा पिस्टन टाकला की ही तपासणी सक्तीची. पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा जाड थर द्या, वर तेलाचं बोट फिरवा, हेड कसा, टॅपेट सेट करा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून सगळ्यात पातळ जागी ब्लेडने माती कापून व्हर्नियरने मोजा. इनटेकखाली किमान २ मिमी, एक्झॉस्टखाली किमान २.५ मिमी राहायला हवं.

ज्या हेडला सपाट कडा असते, जिला स्क्विश म्हणतात, तिथे पिस्टन आणि हेडमधलं अंतर १ मिमीच्या आसपास असलं की नॉकिंग कमी होतं. नवखे लोक रेशो उतरवायला जाड पॅकिंग घालतात, तेव्हा हे अंतर वाढतं आणि रेशो कमी होऊनही टकटक राहते. स्क्विश असलेल्या इंजिनात रेशो उतरवायचा तर चेंबर मोठा करा किंवा पिस्टनचं डोकं खोलगट करा. बुलेटच्या गोल चेंबरला हा प्रश्न फारसा नाही, तिथे ब्लॉकखाली जाड बेस पॅकिंग चालतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे १.९ सीसी, हे हाताशी ठेवा.

७. टायमिंग आणि जेट पुन्हा बसवा

रेशो वाढला की मिश्रण लवकर जळतं, त्यामुळे जुनं टायमिंग आता पुढचं, म्हणजे गरजेपेक्षा लवकरचं ठरतं. मॅन्युअलच्या आकड्यापासून एक-दोन अंश मागे घेऊन सुरुवात करा. त्याआधी अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा तपासा. त्या सैल झाल्या असतील तर टायमिंग कमी आरपीएमलाच पूर्ण पुढे जातं आणि दोष विनाकारण पिस्टनवर येतो.

मिककार्ब कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट एक-दोन नंबर वर घ्या. ई-२० मुळे तो तसाही लागणार आहे. इनटेकच्या रबरातून हवा ओढली जात नाही ना तेही बघा. प्लग एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा लावा.

८. चाचणी: कान आणि प्लग

पहिले काही दिवस हळू चालवून रिंगा बसू द्या. मग टाकीत साधं पेट्रोल भरा. ९५ भरून घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर थ्रॉटल सावकाश पूर्ण उघडा. काचेच्या बरणीत खडे हलवल्यासारखा कोरडा आवाज आला तर ते नॉकिंग. लगेच थ्रॉटल सोडा. टॅपेटचा आवाज आयडलला जागेवरही येतो आणि आरपीएमबरोबर वाढतो. नॉकिंग लोडवरच येतं आणि थ्रॉटल मिटला की त्याच क्षणी थांबतं.

मोठ्या सायलेन्सरच्या गाडीत आवाज बुडतो, म्हणून प्लग वाचा. अशा दोन-तीन चढांनंतर इंजिन बंद करा, निवू द्या, प्लग काढून उन्हात भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू आहे. त्यात चमकणारे, रुपेरी कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. अशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका, टेम्पोत घाला.

नुसते ठिपके असतील तर या क्रमाने जा, एका वेळी एकच बदल करून: टायमिंग आणखी दोन अंश मागे, मेन जेट आणखी वर, मग बेस पॅकिंग जाड. टायमिंग चार-पाच अंशांपेक्षा जास्त मागे घ्यावं लागलं, तर रेशोच जास्त झालाय. उशिरा जळणारं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापवतं आणि वाढवलेल्या कम्प्रेशनचा फायदाही तिथेच संपतो. पॅकिंग जाड करा, मोकळे व्हा.

९. पुढची देखभाल

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, हेडचा टॉर्क पुन्हा तपासा आणि टॅपेट सेट करा. ऑइल जळायला लागलं की चेंबरमध्ये कार्बन साचतो. कार्बन जागा खातो आणि लाल होऊन मिश्रण आधीच पेटवतो. वर्षभर गप्प असलेली गाडी अचानक टकटक करू लागली, तर पहिला संशय कार्बनचा, मग पेट्रोलचा. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ई-२० पाणी ओढतं, ते रिकामं करूनच सुरू करा.

बोअर, ओव्हरसाइज, मोजलेला सीसी, निघालेला रेशो, पॅकिंगची जाडी, टायमिंग, जेटचा नंबर, प्लगचा नंबर आणि तारीख हे सगळं कागदावर लिहा. एक प्रत वहीत राहू द्या, दुसरी प्लॅस्टिकमध्ये घालून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढे इंजिन उघडणारा मिस्त्री दुसरा असेल, तेव्हा नवीन पॅकिंग कापण्याआधी त्याला हाच कागद लागेल.